अठरा मातीच्या फरश्या घेऊन न्हाव्याहून घारापुरीला

घारापुरीला जायचं तर गेटवेहून लाँच पकडायची, असं तुम्हाला कोणीही सांगेल. आम्हा पनवेलकरांना मात्र त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. न्हावे गावाच्या धक्क्यावरून बेटावरच्या लोकांची होडी सुटते आणि अर्ध्या तासाच्या आत घारापुरीच्या मागच्या बाजूला लागते. हे मला सव्वीस वर्षं माहीत होतं. न्हावा शेवा बंदराजवळच्या एका क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत मी सव्वीस वर्षं कागद तपासले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या खिडकीतून ते बेट रोज दिसायचं. दोन टेकड्या, मध्ये खोलगट भाग. एकदाही गेले नाही. कारण विचाराल तर सरळ सांगते: मला पाण्याची भीती वाटते. पोहता येत नाही, होडी हलली की पोटात गोळा येतो, आणि लाइफ जॅकेट नावाची ती नारिंगी उशी कोणाला वाचवत असेल यावर माझा विश्वास नाही.

मग या वयात गेले कशी? त्याला आमच्या सोसायटीची पायरी कारणीभूत आहे. जिन्याची खालून तिसरी पायरी फुटलेली आहे, याबद्दल मी दोन वर्षं लेखी तक्रारी करत होते. कमिटीने त्या फायलीत लावल्या. गेल्या महिन्यात त्याच पायरीवरून वरच्या मजल्यावरची अस्मिता पडली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. कमिटीने दुसऱ्याच दिवशी सिमेंट आणलं. असो.

अस्मिता चित्रकलेची शिक्षिका. मुंबईतल्या एका संस्थेकडून दर शनिवारी घारापुरीच्या शाळेत जाऊन मुलांचा कला आणि वारसा असा वर्ग घेते. गुरुवारी संध्याकाळी मी तिच्याकडे भाजी घेऊन गेले तर ती रडवेली बसलेली.

"काकू, या शनिवारी संस्थेच्या मॅडम बेटावर येतायत. वर्ग पुढे चालू ठेवायचा की बंद करायचा, ते त्या मुलांचं काम बघून ठरवणार. आणि काम सगळं इकडे आहे!"

काम म्हणजे मातीच्या अठरा फरश्या. बेटावर मुलं अठरा, म्हणून फरश्याही अठरा. प्रत्येकाने बेटावरची आपली वाटणारी एक गोष्ट वीतभर फरशीवर उठावात घडवायची आणि सगळ्या शेजारी शेजारी मांडल्या की बेटाचा नकाशा तयार व्हायचा. बेटावर भट्टी नाही, म्हणून अस्मिताने कच्च्या फरश्या होडीतून इकडे आणून नेऱ्याच्या वाटेवरच्या एका कुंभाराकडे भाजायला दिल्या होत्या. त्या आता शनिवारी सकाळी बेटावर पोचायला हव्या होत्या. न पोचल्या, तर मॅडमपुढे दाखवायला रिकामी सतरंजी. आणि वर्ग पनवेलच्याच कुठल्यातरी मोठ्या शाळेत हलणार, जिथे आधीच चार कलाशिक्षक आहेत.

"मी नेते," मी म्हणाले.

बोलून गेले आणि जिना उतरता उतरताच आठवलं की मध्ये पाणी आहे.

शुक्रवारी रिक्षाने नेऱ्याच्या रस्त्याला गेले. फार्महाउसांच्या उंच भिंती आणि त्यांच्यावरच्या इंग्रजी पाट्या संपल्या की उजवीकडे कुंभाराचं घर लागतं. ओट्यावर पणत्या आणि धुपाटणी वाळत घातलेली, मागे राखेचा ढीग. कुंभारदादांनी मासळीच्या निळ्या क्रेटमध्ये भाताचा पेंढा भरून त्यात फरश्या उभ्या लावून ठेवल्या होत्या, कपाटात पुस्तकं लावावीत तशा. मी एक उपसून पाहिली. बंदुकीसारखं काहीतरी. टेकडीवरची जुनी तोफ, असं मागे पेन्सिलीने लिहिलेलं, आणि खाली नाव.

"उभ्या हायेत, उभ्याच ऱ्हाऊ द्या," कुंभारदादा म्हणाले. "हलवू नका, बाई."

"हो, हो," मी म्हणाले. मला सूचना ऐकायची सवय कमी आहे, द्यायची जास्त.

घरी आणून क्रेट हॉलमध्ये ठेवला आणि पाच मिनिटांत पेंढ्याचा कचरा सोफ्याखाली पोचला. एक झुरळही निघालं. शिवाय मासळीचा वास. आता मी कॉन्व्हेंटात शिकले. आमच्या सिस्टर रुमालाच्या घडीची कड दुसऱ्या कडेला भिडली नाही तर सगळी घडी उलगडायला लावत. असली अव्यवस्था मला बघवत नाही. मी पेंढा काढून कचऱ्याच्या पिशवीत भरला, क्रेट साबणाने धुतला, प्रत्येक फरशी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि सहा-सहाचे तीन गठ्ठे करून, आडव्या, एकीवर एक, कडेला कड लावून, वरून सुतळीने करकचून आवळून ठेवल्या. इतकं नीट दिसत होतं की मी फोटो काढून अस्मिताला पाठवला. तिने झोपायची गोळी घेतली होती. तो फोटो तिने पाहिला शनिवारी दुपारी.

तुम्ही जायचं ठरवलंत तर पनवेलहून न्हाव्याला बस मिळते, पण तिच्या वेळेवर विसंबू नका. मी ओळखीच्या रफिकची रिक्षा ठरवली. भाडं आधी ठरवा आणि परतीचं त्यातच बोलून घ्या. सकाळी सहाला निघालो. कार्यक्रम नऊला, होडी सातला, असं संस्थेच्या पत्रकात छापलेलं होतं.

गव्हाण फाट्यापर्यंतचा रस्ता म्हणजे दोन्ही अंगांनी कंटेनरचे ट्रेलर. कळंबोलीपासून जी रांग लागते ती बंदराच्या दारापर्यंत. ड्रायव्हर लोक रस्त्यातच दात घासत उभे असतात. मी क्रेट मांडीवर घेऊन बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला "रफिक!" म्हणून ओरडत होते.

"आंटी, खड्डा मी नाही खोदला," रफिक म्हणाला. "त्यात काय बॉम्ब हाय का?"

"मुलांच्या वस्तू आहेत. मातीच्या."

"मग मागे ठेवा ना. मांडीवर हलतंय जास्ती."

मी ऐकलं नाही. हेही लिहून ठेवते.

पावणेसातला न्हाव्याच्या धक्क्यावर पोचलो. डिसेंबरची सकाळ, डावीकडे बंदराच्या उंच क्रेन, लांबवर नवा सागरी पूल आणि समोर माझं सव्वीस वर्षांचं बेट. मध्ये पाणी असायला हवं होतं. नव्हतं. धक्क्याच्या शेवटच्या पायरीपासून पुढे करडा, चकचकीत चिखल पसरलेला होता आणि त्यापलीकडे, हाक पोचणार नाही इतक्या लांब, होडी तिरकी होऊन पडली होती.

नऊचा कार्यक्रम! मी फोन काढला. कोणाला करणार? पत्रकावरचा नंबर लागेना. धक्क्यावर एक साठीतली बाई काकड्यांच्या टोपलीशेजारी तंबाखू मळत निवांत बसली होती. तिच्यावरच मी घसरले.

"सातची होडी कुठे आहे?"

"ती काय, झोपलीय." तिने हनुवटीने दाखवलं. "आज आवस हाय, बाय."

"मग? अमावास्येला होडी चालवत नाहीत? काय हा अडाणीपणा!"

ती हसली. पुढचे दोन दात नव्हते. "आमी चालवतो. पान्याशिवाय कशी चालवू? आवसेला पानी पार आत जातं. पाच-सव्वापाचला सुकती झाली, आता भरतंय. साडेआठला व्हडी लागल."

"पण पत्रकात सात लिहिलंय!"

"कोनी लिवलं?"

"संस्थेने. मुंबईच्या."

"त्यांच्याकडं क्यालेंडर नाय का?"

"कॅलेंडर बघूनच ठरवलंय. शनिवार आहे आज."

"शनिवार तुमचा. पान्याला काय त्याचं?" ती म्हणाली आणि तंबाखू दाढेखाली सारली.

तिचं नाव पार्वतीबाई. राहते बेटावर, न्हाव्याला लेकीकडे आली होती. लेण्यांच्या पायऱ्यांवर काकड्या आणि चिंचा विकते. तिची नात अस्मिताच्या वर्गात आहे, हे कळलं तेव्हा मी जरा खालच्या आवाजात बोलू लागले.

धक्क्याशेजारच्या टपरीवर चहा चांगला मिळतो आणि गरम वडापावही. मी क्रेटवर एक हात ठेवून पावणेदोन तास बसले आणि पाण्याकडे बघत राहिले. पाणी चिखलावर असं येतं की येताना दिसत नाही. मघाशी जिथे बगळा उभा होता तिथे आता काहीच नाही, एवढंच कळतं. साडेआठला होडी खरोखरच पायरीला लागली.

खलाशाने क्रेट घ्यायला हात पुढे केला. मी दिला नाही. एका हाताने क्रेट, दुसऱ्या हाताने पार्वतीबाईचा दंड, अशी मी पायरीवरून होडीत उतरले. उतरले म्हणजे आदळले. होडी त्याच क्षणी धक्क्याला घासली आणि क्रेटच्या आतून आवाज आला.

टक्.

एवढाच. पेन्सिल मोडावी तसा.

"काय तरी फुटलं," पार्वतीबाई म्हणाली.

"लाकूड वाजलं. होडीचं."

"उगडून बगा."

"नको. तिथे गेल्यावर उघडीन."

पंचवीस मिनिटांचा तो प्रवास तुम्ही कराल तेव्हा नक्की डाव्या बाजूला बसा, म्हणजे बेट समोरून मोठं होत जाताना दिसेल, असं मला इतरांनी सांगितलं. मी काहीही पाहिलं नाही. होडी हलत होती आणि मला तिची भीतीच वाटत नव्हती, कारण सगळी भीती मांडीवरच्या क्रेटमध्ये होती. सुतळी सोडून बघावं असं दहादा वाटलं. पण बघितलं नाही तोवर सगळ्या अठरा शाबूत होत्या.

बेटावर उतरल्यावर शाळेपर्यंत चढ आहे. साध्या चपला नकोत. माकडांसमोर खायची पिशवी काढू नका. ती ओढूनच नेतात. वाटेत विहीर लागते, आमराई लागते, मासळीची जाळी दुरुस्त करत बसलेले म्हातारे लागतात. लेण्यांकडची गर्दी आणि टोप्यांची दुकानं दुसऱ्या अंगाला आहेत, या बाजूला नुसतं गाव.

शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरून अठरा मुलं गणवेशात बसलेली. सर एकच, दोन वर्ग एकत्र शिकवणारे, बारीक, हळू बोलणारे. नऊ वाजून गेले होते, पण कोणी घड्याळाकडे बघत नव्हतं.

"आवस होती ना, आम्हाला माहीत होतं तुम्ही साडेआठलाच निघाल," सर म्हणाले. "मॅडमची लाँच गेटवेहून येणार, अकरापर्यंत. बसा, पाणी घ्या."

मुलं क्रेटभोवती गोळा झाली. मी सुतळी सोडली. पहिला गठ्ठा, सहा, सगळ्या चांगल्या. मुलं आपापली फरशी ओळखून उचलत होती. तोफ. विहीर. आंब्याचं झाड. आजोबांची होडी. दुसरा गठ्ठा, सहा, चांगल्या. तिसऱ्यात पाच. आणि सगळ्यात खाली, वर्तमानपत्राच्या घडीत, सहावीचे दोन तुकडे.

मुलं पुढे वाकली.

"कोनाची?" मागून एका पोराने विचारलं.

"माजी," एक मुलगी म्हणाली. सहावीतली, घट्ट दोन वेण्या. सायली. पार्वतीबाईची नात, अर्थातच, तीच हनुवटी. तिने दोन्ही तुकडे उचलून एकमेकांना लावून पाहिले आणि सतरंजीवर ठेवले.

सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी, जी सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदातल्या चुका लाल शाईने गोल करत आले, मी म्हणाले, "कुंभाराने कच्ची भाजलेली दिसते."

सरांनी क्षणभर छताकडे पाहिलं. "होतं असं," ते म्हणाले आणि मुलांना फरश्या मांडायला सांगितलं.

मांडणी झाली तेव्हा बेट दिसू लागलं. सायलीची फरशी खालच्या कडेची, न्हाव्याच्या बाजूची. तीत ना घर, ना झाड. नुसता खरबरीत पृष्ठभाग, त्यावर बोटांनी पाडलेली भोकं आणि बारीक फरपटल्याच्या रेघा.

"हे काय आहे?" मी तिला विचारलं. तिच्याशी काहीतरी बोलणं भाग होतं.

"चिखल. सुकतीला दिसतो ना तो. ही निवट्यांची बिळं. ही निवटी पळालेली." निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा छोटा मासा. "आजोबा मला घेऊन जायाचे पकडायला. कुटं पाय घालायचा, कुटं नाय, त्यांना सगलं म्हाईत व्हतं."

"आणि पाणी कधी येणार ते?"

"ते तर सोपं हाय. तिथीची पाऊणपट करायची. आज आवस म्हंजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाआकरा. सव्वाआकराला भरती फुल. मंग सहा तासांनी सुकती." ती हे खाली बघून, तुकड्याची कड चाचपत सांगत होती. "तुमची परतीची व्हडी दोनला. त्याच्यानंतर चिखल."

पंधराची पाऊणपट मला कागदाशिवाय येईना. तिथी हा प्रकार मी आयुष्यभर आईच्या उपासांच्या खात्यात टाकला होता.

मॅडम सव्वाअकराला आल्या, भरल्या पाण्यात. चाळिशीच्या, सुती साडी, चुणचुणीत, मुलांशी गुडघ्यावर बसून बोलणाऱ्या. वाईट बाई मुळीच नाही. त्यांनी प्रत्येक फरशीपुढे थांबून प्रश्न विचारले.

"आणि लेणी? लेणी कोणीच नाही केली?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. तोफवाला पोरगा म्हणाला, "ती सगल्यांना म्हाईत हायेत ना, मॅडम. तुमी सांगितलं व्हतं, आपली वाटनारी गोष्ट करा."

मॅडम हसल्या आणि फॉर्मवर लिहू लागल्या. मी शेजारीच बसले होते. त्यांचं अक्षर पाहून दचकले: तेच उजवीकडे झुकलेलं, गोलाईचं, प्रत्येक शेपूट जुळवणारं वळण. माझंच. त्यांनीही माझ्या पिशवीवर मी लिहिलेल्या नावाच्या चिठ्ठीकडे पाहिलं.

"तुम्हीही कॉन्व्हेंट?" त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, आपल्यातलं बोलावं तसं: "मला खरं सांगा. ही फुटलेली कशी?"

"भाजणी," मी पुटपुटले.

"वाटलंच मला. स्थानिक कुंभारांचं हेच असतं, भरवसा नाही." पेन चालू लागलं. "मी असं सुचवणार आहे की माती बंदच करावी. ने-आण, फुटणं, सगळाच व्याप. आमच्याकडे तयार साचे आहेत, लेण्यांतल्या मूर्तींचे. प्लास्टरचे. मुलांनी नुसतं रंगवायचं. त्याला दर शनिवारी शिक्षिका पाठवायचीही गरज नाही. महिन्यातून एकदा खोकं पाठवलं की झालं."

अस्मिता, तिचा प्लास्टरमधला पाय, अठरा मुलं, ओट्यावर पणत्या मांडणारा तो माणूस, ज्याने मला एकच वाक्य सांगितलं होतं. सगळं एका फॉर्मवर, माझ्यासारख्याच अक्षरात, माझ्याच शब्दावर खोडलं जात होतं. आणि सायली चार हातांवर बसून ऐकत होती.

"थांबा," मी म्हणाले. इतक्या मोठ्याने की मुलं गप्प झाली. "कुंभाराने चांगली भाजली होती. त्याने पेंढ्यात उभ्या लावून दिल्या होत्या आणि हलवू नका म्हणून सांगितलं होतं. मला पेंढ्याचा कचरा सहन झाला नाही. मी सगळ्या काढून आडव्या रचल्या, आवळल्या आणि मांडीवर घेऊन खड्ड्यांतून आणल्या. सगळ्यात खालची फुटली. मी फोडली. आणि मघाशी सरांपुढे खोटं बोलले तेही मीच."

पेन थांबलं.

"मला म्हाईत व्हतं," सायली म्हणाली.

"काय?"

"तुमी सुतली सोडली तवाच. आडव्या व्हत्या. आमी इकडून देताना उभ्याच दिल्या व्हत्या, पेंढ्यात. सगल्यांना म्हाईत व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

तिने सरांकडे पाहिलं. "पाव्हन्यांना बोलायचं नाय, असं सर सांगतात."

सर परत छताकडे बघत होते. इतकी वर्षं माझ्या तोंडाला भले भले घाबरले. या वयात अठरा पोरांनी मला सांभाळून घेतलं होतं, दोन तास, एकही शब्द न बोलता. मान वर करवेना.

मॅडमनी फॉर्म उलटा ठेवला. फरश्यांकडे बघून त्या म्हणाल्या, "भाजणी चांगली असेल तर प्रश्न वेगळा आहे. तुमच्या अस्मिताचा पाय बरा होईपर्यंत इथे येणार कोण? कोणी नसेल तर मी वर्ग चालू ठेवा असं कशाच्या जोरावर लिहू?"

दुसरं खोटं बोलायची हिंमत नव्हती आणि 'मी येते' म्हणायला गेले की होडी आठवत होती.

जेवण पार्वतीबाईकडे झालं. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. आधी सांगितलं तर बेटावर घरगुती जेवण मिळतं, आणि ते पायऱ्यांवरच्या हॉटेलांपेक्षा कितीतरी चांगलं असतं. मी बाईला सगळं सांगितलं.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "पोरगी मगाशीच पलत येऊन सांगून गेली. खावा. दोनची व्हडी चुकली तर राती नऊशिवाय पानी नाय, मंग आमच्याकडंच झोपावं लागल, आणि आमच्या घरात पेंढा लई."

ती हसली. मलाही हसू आलं, त्या दिवसात पहिल्यांदा, आणि लगेच डोळ्यांत पाणीही.

लेणी पाहिली का, असं तुम्ही विचाराल. नाही पाहिली. सव्वीस वर्षं समोरून पाहून, अखेर बेटावर पाय ठेवून, पाव तासाच्या अंतरावरून परत आले. पावणेदोनला धक्क्यावर होते. पाणी उतरायला लागलं होतं. पायऱ्यांवर ओली रेघ दिसत होती. सायली टोपलीभर काकड्या घेऊन आजीबरोबर आली होती. मी म्हणाले, "तुझी फरशी..."

"नवी करीन," ती म्हणाली. "पुढच्या शनवारी. वर्ग असला तर."

त्या "असला तर" वर मी न्हाव्यापर्यंत आले.

रविवारी नेऱ्याला जाऊन कुंभारदादांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, एक पणती उलटी करून ठेवली आणि विचारलं, "पेंढा कुठाय?"

"टाकला."

"टाकला?" फरशीचं ऐकून झालं नाही तेवढं दुःख त्यांच्या तोंडावर उमटलं. "आवं, चांगला पेंढा टाकतं का कोनी? परत आनायचा असतो." आणि मग उठून दुसरा दिला. बारा वेळा माफी मागूनही त्यांनी त्या फुटलेल्या फरशीचा विषय काढला नाही.

सोमवारी अस्मिताने फोनचा स्पीकर लावून मला शेजारी बसवलं. मॅडमचा निर्णय असा: परीक्षेपर्यंत वर्ग चालू, माती चालू, कुंभार तोच. अट एकच. एकही शनिवार चुकता कामा नये. एक जरी चुकला तर साचे.

अस्मिताचं प्लास्टर अजून सहा आठवडे आहे. ती फोनवरून शिकवेल, व्हिडिओ लावून. शाळेत आता रेंज असते. पण समोर फोन धरायला, माती मळून द्यायला आणि कच्च्या फरश्या इकडे आणून भाजलेल्या तिकडे न्यायला हाडामांसाचं माणूस हवं. तिने मला विचारलं नाही. नुसती माझ्याकडे बघत बसली. ती पोरगी मोठी धूर्त आहे.

मला सरळ आंबाही काढता येत नाही. आणि पाण्याची भीती? तशीच आहे. लिहितानाही तो टक् ऐकू येतो. एका फेरीत माणूस बदलतो असं कोणी लिहिलेलं वाचलं तर विश्वास ठेवू नका.

काल स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोर चष्मा लावून उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा तारखेखालची बारीक अक्षरं वाचली. शनिवारी सप्तमी. साताची पाऊणपट सव्वापाच. कागद लागला, पण आलं. सव्वापाचला भरती, म्हणजे अकराच्या सुमाराला चिखल. आठच्या आत न्हाव्याला हवं. रफिकला साडेसहा सांगितले आहेत, आणि क्रेट मागे ठेवीन असंही.

क्रेट दाराशी आहे. सोफ्याखाली पेंढा आहे, आणि तो तिथेच राहू दे.